बंद पडलं म्हणजे निकामी झालं का?

पत्र : बाबा ५८ वर्षांचे आहेत. भातलावणी आटोपल्यावर त्यांना ताप आला. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, पोटऱ्या धरल्या, लघवी अगदीच कमी झाली. मोठ्या रुग्णालयात हलवलं. अकरा दिवस आयसीयूत होते, तीन वेळा डायलिसिस झालं. डॉक्टर तोंडी 'मल्टी ऑर्गन फेल्युअर' म्हणाले तेव्हा मी मुंबईच्या भावाला 'असशील तसा निघ' असा फोन केला. आज बाबा घरी आहेत, पेज जेवतात, अंगणात फिरतात. डिस्चार्ज कार्डवर मात्र 'लेप्टोस्पायरोसिस, सेप्सिस, एमओडीएस, एकेआय' आणि पुढे 'सोफा १३' असं आहे. फेल्युअर कुठेच लिहिलेलं नाही. मग डॉक्टरांनी आम्हाला उगाच घाबरवलं का? की किडनी खरंच गेली आहे आणि आमच्यापासून लपवलं आहे? जाताना क्रिएटिनिन १.९ होतं. विम्याच्या फॉर्मवर काय लिहायचं? आणि पुढच्या लावणीला त्यांना शेतात जाऊ द्यावं का?
— कुडाळ तालुक्यातील एक वाचक

उत्तर : घाबरवलंही नाही आणि लपवलंही नाही. तोंडी ऐकलेलं 'मल्टी ऑर्गन फेल्युअर' आणि कार्डावरचं 'एमओडीएस' म्हणजे एकच गोष्ट. एमओडीएस ही 'मल्टिपल ऑर्गन डिसफंक्शन सिंड्रोम'ची आद्याक्षरं. खरा घोळ होतो तो हा शब्द मराठीत येताना. वर्तमानपत्रं 'अवयव निकामी झाल्याने' असं छापतात. निकामी म्हणजे टाकाऊ, भंगारात द्यायचं. वैद्यकातला 'फेल्युअर' मात्र एवढंच सांगतो, की शरीराला या घडीला जेवढं काम हवं आहे तेवढं हा अवयव करत नाही. घाटात गाडी बंद पडली आणि गाडी भंगारात गेली, यात जो फरक आहे तोच इथे आहे. बाबांची मूत्रपिंडं बंद पडली होती. निकामी झाली का, हे आज कोणीच सांगू शकत नाही. लेप्टोच्या बाबतीत बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच येतं.

हा वाद डॉक्टरांमध्येही होऊन गेला आहे. १९७० च्या दशकात व्हेंटिलेटर आणि डायलिसिसमुळे गंभीर रुग्ण पहिले काही दिवस तरून जाऊ लागले. मग एकामागून एक अवयव बंद पडताना दिसू लागले आणि त्याला 'सिस्टिम्स फेल्युअर' म्हणायला सुरुवात झाली. पुढे लक्षात आलं, की 'फेल' शब्दात फक्त हो किंवा नाही मावतं. प्रत्यक्षात मात्र अवयव थोडा मंदावतो, आणखी मंदावतो, पूर्ण थांबतो आणि पुष्कळदा परतही येतो. म्हणून १९९१ मध्ये अमेरिकेतल्या छातीरोग आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी एकत्र बसून ठरवलं की 'डिसफंक्शन' म्हणायचं. ही व्याख्या १९९२ मध्ये छापून आली. तेव्हापासून कागदावर एमओडीएस आणि वॉर्डातल्या बोलण्यात जुनंच 'फेल्युअर', असं चाललं आहे. तुमच्या घरच्या गोंधळाचं मूळ या दुहेरी वापरात आहे.

आता 'सोफा १३'. हा बसायचा सोफा नव्हे. अवयव किती मंदावलेत हे मोजायचा हा गुणतक्ता आहे, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला. सहा विषय, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण २४. शाळेच्या उलट इथे शून्य सर्वांत चांगलं. तुम्ही कार्डाचा फोटो पाठवला आहे, त्यातल्या पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरून १३ कसे झाले ते पाहा.

मूत्रपिंड : क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ६.१. पाचच्या वर गेलं की पूर्ण चार गुण. चोवीस तासांची लघवी ३०० मिलीलिटर होती. ५०० च्या खाली तीन आणि २०० च्या खाली चार. दोन्हींपैकी जो आकडा वाईट तो धरतात, म्हणून ४.

यकृत : बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं रंगद्रव्य, ८.४. सहा ते बारा या पट्ट्यात ३ गुण.

रक्त : प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या बारीक पेशी, ६२ हजार. एक लाखाच्या खाली पण पन्नास हजारांच्या वर, म्हणून २.

फुप्फुस : इथे 'एबीजी' या तपासणीत धमनीच्या रक्तातला प्राणवायूचा दाब घेतात आणि मास्कमधून दिलेल्या प्राणवायूच्या प्रमाणाने भागतात. बाबांचा दाब ११२ आणि मास्कमधून ४० टक्के प्राणवायू. ११२ भागिले ०.४ म्हणजे २८०. निरोगी माणसाचा हा भागाकार साडेचारशेच्या आसपास येतो. तीनशेच्या खाली २ गुण.

रक्तदाब : ९०/५४. यातून सरासरी दाब काढतात : खालचा आकडा, अधिक वरच्या-खालच्यातल्या फरकाचा तिसरा हिस्सा. ५४ अधिक १२ म्हणजे ६६. सत्तरच्या खाली १ गुण. रक्तदाब टिकवायला नॉरऍड्रिनलिनची धार लावावी लागली असती, तर इथेच तीन किंवा चार झाले असते. बाबांचं सलाईनवर निभावलं.

मेंदू : शुद्धीचा 'जीसीएस' १५ पैकी १४, म्हणजे थोडी गुंगी, थोडी असंबद्ध बडबड. १ गुण.

बेरीज १३. दोन किंवा अधिक अवयव मंदावले की एमओडीएस म्हणतात, इथे तर सहाच्या सहा विषयांत गुण पडले आहेत. म्हणजे 'भावाला बोलवा' या अर्थी डॉक्टर बोलले असतील तर ते बरोबरच होतं. मात्र हा तक्ता मुळात अवयवांची अवस्था नोंदवण्यासाठी केलेला आहे, कोण जगेल याचं भाकीत करण्यासाठी नाही. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा पुढच्या ४८ तासांत तो चढतो की उतरतो, याला आयसीयूत जास्त किंमत असते. पुन्हा कधी कोणासाठी त्या दारापाशी उभं राहायची वेळ आली, तर 'फेल्युअर आहे का' असं न विचारता हे विचारा : कोणकोणते अवयव मंदावलेत, कालच्यापेक्षा आज काय बदललं, कुठल्या अवयवाचं काम सध्या यंत्र किंवा औषध करतंय, आणि मूळ आजार आटोक्यात आला का. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण एमओडीएस हा स्वतः मूळ आजार नसतो. तो कशाचा तरी परिणाम असतो. बाबांच्या बाबतीत तो लेप्टोचा होता.

सहा अवयव एकदम कसे बिघडले? लेप्टोचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्या-चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून रक्तात शिरतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांची आतली कड सैल होते. त्यातून पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब उतरतो आणि सगळीकडचा पुरवठा एकाच वेळी आटतो. शिवाय जंतू मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्ये तळ ठोकतात. अशा वेळी पेशी पुष्कळदा मरत नाहीत. काम कमी करून तग धरून बसतात. सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने, दगावलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांतही, ती जेवढी बंद पडलेली होती त्या मानाने मेलेल्या पेशी कमीच सापडल्या आहेत. ज्या नळीपेशी मरतात त्यांची जागा शेजारच्या पेशी वाढून काही आठवड्यांत भरून काढतात. यकृतही भरून येतं. मेंदूच्या आणि हृदयाच्या पेशींना हे जमत नाही, म्हणून तिथल्या 'फेल्युअर'चा पुढचा हिशोब निराळा.

थोडं यकृताबद्दल. नातेवाईक 'लिव्हरपण फेल झालं होतं' म्हणत असतील, तर ते काटेकोरपणे खरं नाही. अचानक यकृत फेल झालं असं म्हणायला दोन गोष्टी लागतात : रक्त गोठण्याचा 'आयएनआर' १.५ किंवा त्याहून वर, आणि यकृत बिघडल्यामुळे मेंदूवर आलेली गुंगी किंवा भ्रम. कार्डावर आयएनआर १.२ आहे. नुसती कावीळ, मग ती कितीही पिवळी असो, म्हणजे लिव्हर फेल्युअर नव्हे. लेप्टोत बिलिरुबिन भरपूर चढतं आणि यकृताच्या पेशींची इजा दाखवणारं एसजीपीटी त्या मानाने थोडंच, ही त्या आजाराची ओळखच आहे. कार्डावर 'हेपॅटिक डिसफंक्शन' लिहिलं आहे, तो शब्द नेमका आहे.

'हार्ट फेल' तर आपल्याकडे पार वेगळ्याच अर्थाने रुळलं आहे. 'झोपेतच हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. डॉक्टर मात्र 'हार्ट फेल्युअर' अशा माणसाला म्हणतात ज्याच्या पायांवर सूज येते, जिना चढताना धाप लागते आणि जो गोळ्या घेत वर्षानुवर्षं बाजारहाट करतो. हृदय एकाएकी थांबणं हा 'कार्डिॲक अरेस्ट', हृदयाची रक्तवाहिनी तुंबणं हा 'अटॅक', आणि पंप कमी पडणं हे 'फेल्युअर'. या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळेच कुठल्याही अवयवापुढे 'फेल' लागलं की घरात रडारड सुरू होते. आणखी एक शब्द यात मिसळू देऊ नका : 'ब्रेन डेड'. मेंदूस्तंभ मृत होणं हा भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मृत्यूच आहे. त्याचा आणि एमओडीएसमधल्या गुंगीचा संबंध नाही.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न, मूत्रपिंडाचा. कार्डावरचं 'एकेआय' म्हणजे ऍक्यूट किडनी इंज्युरी, मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा. पूर्वी यालाच 'ऍक्यूट रीनल फेल्युअर' म्हणत. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्धा मिलीलिटरपेक्षा कमी झाली, की हे निदान होतं. साठ किलोच्या माणसाला ताशी ३० मिलीलिटर, म्हणजे सहा चमचे. 'सीकेडी' म्हणजे जुनाट आजार मात्र बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकला तरच म्हणतात. तीन महिने व्हायच्या आत 'किडनी कायमची गेली' असं कोणी सांगितलं, मग तो गावचा जाणकार असो की फोनवरचा भाचा, तर ऐकून सोडून द्या.

'एकदा डायलिसिसला बसलं की सुटत नाही' ही समजूत तर कोकणातच काय, सगळीकडे घट्ट आहे. लोक जी माणसं वर्षानुवर्षं डायलिसिसवर पाहतात, त्यांची मूत्रपिंडं आधीच कायमची गेलेली असतात. डायलिसिसमुळे ती जात नाहीत. एकेआयमध्ये डायलिसिस म्हणजे बदली कामगार. मूळचा कामावर परतला की बदली घरी जातो. या भीतीपोटी नातेवाईक दोन-दोन दिवस सही करत नाहीत. तेवढ्यात पोटॅशियम चढून हृदय थांबू शकतं, फुप्फुसांत पाणी भरू शकतं. तुम्ही सही वेळेत केलीत.

क्रिएटिनिन १.९ हा शेवटचा निकाल नव्हे. डिस्चार्जनंतर ते आणखी उतरत राहतं, सहसा काही आठवडे. पण इथे एक चकवा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि आयसीयूतल्या अकरा दिवसांत बाबांचे स्नायू चांगलेच झडले असणार. त्यामुळे आकडा खरा आहे त्याहून चांगला दिसू शकतो, आणि पुढे अंग भरताना तो जरासा वाढला तर मूत्रपिंड बिघडलं असंही लगेच धरायचं नाही. म्हणून एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर ढोबळ वेळापत्रक असं ठेवा : आठवड्याने क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि हिमोग्राम, महिन्याने तेच, आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिनवरून काढलेला 'ईजीएफआर' (मूत्रपिंड किती वेगाने रक्त गाळतं याचा अंदाज), लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर, रक्तदाब. तिसऱ्या महिन्याची तपासणी चुकवायची नाही. 'बरं वाटतंय' म्हणून नेमकी तीच राहून जाते. ईजीएफआर तेव्हाही ६० च्या खाली असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील, तर नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना, दाखवा.

तोवर पथ्यापेक्षा औषधांकडे लक्ष द्या. अंगदुखीसाठी मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, ऍसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड या गोळ्या बाबांना पूर्ण बंद. इंजेक्शनच्या रूपातही नकोत. 'कंबर धरली' म्हणून टोचून घ्यायची सवय असते, तिथे आधी कार्ड दाखवा. या गोळ्या मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी आवळतात, आणि नुकत्या सावरलेल्या मूत्रपिंडाला तेवढं पुरतं. पॅरासिटामॉल चालतं, पण काविळीतून उठलेल्या माणसाला दिवसाला किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. काढे, भस्म, 'किडनी साफ करणारी' पुडी यांतलं काहीही नको. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल गोटातल्या गोळ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन आधी चालू असतील, तर त्या रुग्णालयात बहुधा थांबवल्या असतील. घरचा जुना डबा उघडून त्या परत सुरू करू नका आणि कायमच्या बंद झाल्या असंही समजू नका. तारीख डॉक्टर देतील. पुढे कधी रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करायची वेळ आली, तर 'एकेआय होऊन गेलाय' हे वाक्य आधी सांगायचं.

पाणी किती? 'पाच लिटर पाजा, किडनी धुऊन निघेल' हे चूक, आणि आता मोजून लिटरभरच द्या हेही चूक. सावरणारं मूत्रपिंड काही दिवस भरमसाट लघवी करतं, तेव्हा पाणी कमी पडलं तर पुन्हा इजा होते. आठवडाभर लिटरच्या मापाने चोवीस तासांची लघवी मोजा आणि रोज सकाळी एकाच वेळी वजन करा. वजन दोन दिवसांत दोन किलो वाढलं, पायांवर सूज आली, धाप लागली, लघवी दिवसाला ५०० मिलीलिटरच्या खाली गेली किंवा उलट्या थांबेनात, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. शहाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दारात माड असताना हा प्रश्न येणारच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून किडनीच्या रुग्णाला सरसकट बंदी घालतात. लेप्टोत मात्र पुष्कळदा पोटॅशियम उलट कमी असतं. आठवड्याच्या तपासणीतला आकडा पाहून ठरवा.

विम्याच्या फॉर्मवर 'किडनी फेल्युअर' हे दोन शब्द लिहू नका आणि आजार लपवूही नका. कार्डावर आहे तेच लिहा : 'लेप्टोस्पायरोसिसमुळे एकेआय, तीन वेळा हिमोडायलिसिस, नंतर डायलिसिस बंद', सोबत तारखा आणि ताजं क्रिएटिनिन. रुग्णालयाचा खर्च देणाऱ्या पॉलिसीत दाव्यासाठी मूळ निदान आणि बिलं पाहिली जातात. 'क्रिटिकल इलनेस' पॉलिसीतून मोठी रक्कम मिळेल असं एजंट म्हणत असेल, तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. तिथली 'किडनी फेल्युअर'ची व्याख्या दोन्ही मूत्रपिंडं कायमची गेलेली आणि नियमित डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागणारं, अशी आहे. बाबा त्यात बसत नाहीत, आणि ही चांगलीच बातमी आहे.

जाता जाता, मृत्यूच्या दाखल्याचं. एखाद्या घरी दुर्दैवाने रुग्ण गेला आणि मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर नुसतं 'मल्टी ऑर्गन फेल्युअर' लिहिलं, तर ते अपुरं आहे. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी जो नमुना ४ भरतात, त्यात सर्वांत खालच्या ओळीत मूळ आजार यायला हवा : लेप्टो, डेंग्यू, भाजणं, जे असेल ते. मृत्यू कसा आला एवढंच लिहिलं तर लेप्टोने गेलेला माणूस लेप्टोच्या मोजणीत येतच नाही, आणि विम्याचं पत्र महिनाभराने 'कारण स्पष्ट करा' म्हणून परत येतं. मूळ कारण लिहिण्याची विनंती तिथेच करावी.

लावणीबद्दल. लेप्टो एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. जंतूंच्या अनेक जाती आहेत आणि एकीची प्रतिकारशक्ती दुसरीला उपयोगी पडतेच असं नाही. तिसऱ्या महिन्याचे अहवाल नीट आले आणि अंगात ताकद आली तर पुढच्या पावसाळ्यात शेतात जायला हरकत नाही. गमबूट हवेत, पायाला भेग किंवा जखम असेल त्या दिवशी चिखलात उतरायचं नाही, घरी आल्यावर साबणाने पाय धुवायचे. लावणीच्या काळात आठवड्यातून एकदा २०० मिलीग्रॅम डॉक्सीसायक्लिन घेतात, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून, बाबांची चालू औषधं सांगून. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. गोळी घेतली तरी ताप आणि पोटऱ्यांचं दुखणं एकत्र आलं, तर पहिल्याच दिवशी 'मी शेतात होतो' असं डॉक्टरांना सांगायचं. आणि येत्या काही महिन्यांत बाबांचा डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधूक दिसू लागलं, तर ते 'डोळे आलेत' म्हणून घरचे थेंब घालू नका. लेप्टोनंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोळ्याच्या आत सूज येते. डोळ्याच्या डॉक्टरांना लेप्टो होऊन गेल्याचं सांगा आणि हेच कार्ड सोबत न्या.